राखीव जागा आणि मोकळा प्रश्न



पदवीदानाच्या दिवशी पाहुण्याने चार आशीर्वादाचे शब्द बोलावेत आणि खाली बसावं, अशी रीत आहे. आशीर्वाद आहेतच. पण तुम्ही आज विधी शाखेची पदवी घेता आहात, उद्या सनद घेऊन कोर्टाची पायरी चढणार आहात, म्हणून मी मुद्दाम अवघड विषय घेतला आहे. लिंगओळख, स्त्रियांचे हक्क आणि या दोन्हींबद्दल उघड बोलण्याचं स्वातंत्र्य. या विषयावर घराघरांत आवाज चढतात आणि वर्गात मात्र सगळे गप्प बसतात. दोन्ही गोष्टींची मला काळजी वाटते.

एका खटल्यापासून सुरुवात करते. डिसेंबर २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. सर्वसाधारण स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून एका तृतीयपंथी उमेदवाराने अर्ज भरला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी छाननीत तो बाद केला. प्रभाग स्त्रियांचा, तृतीयपंथीयांना आरक्षण नाही, म्हणून अर्ज चालणार नाही, एवढंच कारण. हातात दिवस थोडे होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आलं आणि २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितलं. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाचा. आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क त्या निकालाने मान्य केला होता आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालू नये, असंही म्हटलं होतं. भादलीच्या उमेदवार निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

गोष्ट इथे संपवली तर ती सुखान्त आहे. पण मला त्या गावातल्या दुसऱ्या एका बाईचा विचार करायचा आहे. ती बाई कागदपत्रांत कुठेच नाही, मी ती कल्पनेने उभी करते आहे. समजा, तिने ग्रामसभेत उठून विचारलं असतं की ही जागा आम्हा बायकांसाठी होती, मग ती दुसऱ्या कुणाला कशी मिळाली?

तिच्या प्रश्नामागे काय आहे ते पाहा. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. जागा मिळाल्या म्हणजे सत्ता मिळाली असं झालं नाही. सरपंच बाई आणि कारभार तिच्या नवऱ्याचा. ग्रामसेवक कागद घेऊन येतो तो थेट त्याच्याकडे, आणि बाई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन सही करते. एखादी स्वतःच्या बुद्धीने कारभार करायला लागली, हिशेब मागायला लागली, की तिच्यावर अविश्वासाचा ठराव येतो. या सगळ्यातून वाट काढलेल्या बाईला आपल्या जागेची धास्ती वाटणं स्वाभाविक आहे. ‘उद्या कुणीही उठून स्वतःला बाई म्हणवून घेतलं तर?’ हा तिचा प्रश्न तिला आलेल्या अनुभवातून आलेला आहे. त्याला द्वेष म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे.

आता निकालाकडे परत या, कारण मला त्यातली एक जागा फार मोलाची वाटते. त्या बाईचा प्रश्न कोर्टात कुणी विचारला नसला, तरी न्यायालयाने तो जणू ऐकला होता. याचिकाकर्तीने यापुढे आयुष्यभर स्त्री हीच ओळख ठेवू, संधी साधण्यासाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, असं गांभीर्याने सांगितलं आणि ते निकालात नोंदवलं गेलं. अपवाद एकच ठेवला. पुढे सरकारने तृतीयपंथीयांना वेगळं आरक्षण दिलं तर ते घेण्याची मुभा. म्हणजे शंका बाजूला सारली नाही, तिला उत्तर दिलं. निर्णय अधिकाऱ्यांनी दार लावलं होतं, न्यायालयाने कारण दिलं. यापुढची सगळी वर्षं तुमचं काम कारण देण्याचंच आहे.

माझं मत विचाराल तर निकाल योग्य होता. ती जागा कुणी कुणाची हिसकावली नव्हती, मतदारांनी मत देऊन भरली होती. आणि गावाने ज्यांना पिढ्यानपिढ्या बारशा-लग्नाच्या दारात टाळ्या वाजवण्यापुरतं ओळखलं, त्यांच्यापैकी एकीला गावाच्या कारभारात बसवलं, याचा मला मनापासून आनंद आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांनी आपली नोंद स्त्री-पुरुष सोडून तिसऱ्या रकान्यात केली होती. त्यांतल्या कितींना ग्रामपंचायतीची पायरी चढता आली असेल? तरीही माझं मत पटलं नाही, असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी या सभागृहात ते म्हणावं. त्यांना खाली बसवणाऱ्यांत मी नसेन.

इथे तुम्ही विचाराल की बोलू द्यायचं म्हणजे कुठपर्यंत? याचं कायद्यातलं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका घटनेतून मिळालं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर आपलं मत लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. हे वाचून श्रेया सिंघल ही विशीतली मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हा तिच्याकडे कायद्याची पदवीसुद्धा नव्हती. २४ मार्च २०१५ रोजी त्या दोघींवर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. त्या निकालात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी घटनेच्या संरक्षणात आहेत. सरकारला हात घालता येतो तो तिसरीपाशी.

ही मोजपट्टी आपल्या विषयाला लावून पाहा. स्त्रियांच्या तुरुंगात कुणाला ठेवावं, ही चर्चा. स्त्रियांच्या काही सोयी जन्माने स्त्री असलेल्यांसाठीच असाव्यात, किंवा उलट, त्या सगळ्या ट्रान्स स्त्रियांना खुल्या असाव्यात, हा मताचा पुरस्कार. आणि ‘अमक्या चौकात उभ्या राहणाऱ्यांना हाकलून काढा’ म्हणत जमाव गोळा करणं, ही चिथावणी. समोरच्याला ‘ट्रान्सद्वेष्टी’ म्हणणारे पहिल्या दोन्हींवर तिसऱ्याचा शिक्का मारतात आणि ‘संस्कृतीबुडवे’ म्हणणारेही तेच करतात. बाजू बदलली तरी शिक्क्याचं काम एकच असतं, समोरच्याचं म्हणणं ऐकण्याचे कष्ट वाचवणं.

ब्रिटनमध्ये हा वाद फार कडवटपणे लढला गेला. माया फॉरस्टेटर या संशोधिकेचं म्हणणं असं की जैविक लिंग बदलत नाही. तिने ते ट्विटरवर लिहिलं आणि तिच्या कामाचा करार पुढे वाढवला गेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने तिची धारणा लोकशाही समाजात आदरास पात्र नाही, असं ठरवलं. जून २०२१ मध्ये अपिलात हे उलटलं. तिची धारणा संरक्षणास पात्र आहे, असं अपील न्यायाधिकरणाने म्हटलं आणि लगेच हेही बजावलं की याचा अर्थ कुणा ट्रान्स व्यक्तीला मुद्दाम चुकीच्या लिंगाने संबोधून छळण्याचा परवाना मिळाला, असा नाही. धारणा एका बाजूला आणि समोरच्या माणसाशी वागणूक दुसऱ्या बाजूला. ही वाटणी मला फार उपयोगी वाटते.

पण त्याच देशात १६ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातला ‘स्त्री’ हा शब्द जैविक लिंगापुरता आहे, असा एकमताने निकाल दिला, तेव्हा दुसरी बाजू कशी ऐकली गेली तेही पाहा. व्हिक्टोरिया मॅक्लाउड या ट्रान्स स्त्री, तिथल्या उच्च न्यायालयात काम केलेल्या माजी न्यायाधिकारी. त्यांनी या खटल्यात बाजू मांडण्याची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही. ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून कायद्याचं संरक्षण आहेच आणि हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नये, असं न्यायालयाने आवर्जून सांगितलं. तरी ज्यांच्या रोजच्या जगण्यावर निकालाचा परिणाम होणार होता त्यांच्यातलं कुणीच स्वतःच्या तोंडाने तिथे बोललं नाही, ही उणीव मला मोठी वाटते. फॉरस्टेटरला बोलू द्यायला हवं होतं आणि मॅक्लाउड यांनाही. जो यातल्या एकीसाठीच हळहळतो, त्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचं प्रेम मला अपुरं वाटतं.

आपल्याकडे ही लढाई नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. संततिनियमनाच्या कामापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी आधीच गेली होती. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरं देत. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल लोक विचारत, कारण घरात, शाळेत, दवाखान्यात विचारायची सोय नव्हती. या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील ठरत नाही आणि वाचकाने शंका विचारली तर जाणकाराने तिचं उत्तर का देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी दंड सोसला आणि १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत मासिक चालवलं. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २०१८ साल उजाडावं लागलं. दलितांच्या लढ्याचा सगळा भार खांद्यावर असताना बाबासाहेबांनी हे लोकांना न रुचणारं वकीलपत्र का घेतलं असेल, याचा तुम्ही वकील म्हणून जरूर विचार करा.

एकमेकांना ऐकलं नाही की काय नुकसान होतं, याचं एकच उदाहरण देते. २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्याच्या १८व्या कलमात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात पुरुष किंवा तृतीयपंथीयांवरच्या बलात्काराला लागणारं, जुन्या दंड संहितेतल्या ३७७ सारखं कलमच ठेवलं नाही. अत्याचाराची तक्रार घेऊन पोलिस ठाण्यात गेल्यावर काय ऐकून घ्यावं लागतं, हे या देशातल्या स्त्रियांइतकं कुणाला ठाऊक आहे? पोलिस ठाण्यातल्याच बलात्काराच्या मथुरा खटल्यानंतर रस्त्यावर उतरून त्यांनीच १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलायला लावला. स्त्रियांची चळवळ आणि ट्रान्स चळवळ शौचालयाच्या दारावरून भांडत असतील तर भांडोत, तो प्रश्नही खरा आहे. पण या कलमावर दोघी एका टेबलाशी बसून मसुदा लिहू शकतात आणि तो लिहायला तुमच्यासारखे वकील लागतील.

शेवटी एक विनंती, विद्यार्थ्यांना आणि कुलगुरूंनाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने मुलामुलींच्या वसतिगृहांबरोबर लिंगनिरपेक्ष वसतिगृहाचीही सोय केली. तुमच्या विद्यापीठात ट्रान्स विद्यार्थिनीने खोली मागितली तर ती कोणत्या वसतिगृहात द्यायची, यावर याच सभागृहात खुली चर्चा ठेवा. मुलींच्या वसतिगृहात आज राहणाऱ्या मुलींना बोलवा, ट्रान्स विद्यार्थ्यांना बोलवा, रेक्टरबाई आणि पालकांनाही बोलवा. नियम एकच ठेवा. प्रत्येक वक्त्याने आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडायचं आणि ‘हो, आमचं म्हणणं हेच आहे’ असं त्या बाजूने कबूल केल्यावरच स्वतःचं बोलायचं. तारीख ठरली की मला कळवा. मी भाषण करणार नाही, श्रोत्यांत बसेन.