अर्जाची पोच जपा, बायांनो

आम्ही मालवण किनाऱ्यावरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. इथे पर्यटकांना समुद्राखालचं जग दाखवायचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा धंदा चालतो. आमचे मुलगे हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात. आम्ही काठावर पाहुण्यांची राहायची-जेवायची सोय बघतो. बोट गटाच्या कर्जातून घेतलेली.

पावसाळ्यात हे काम बंद. साधारण ऑक्टोबर ते मे, तेवढ्यात वर्षाची कमाई करायची. एकदा आमचा परवान्याचा अर्ज टेबलांवरून फिरत राहिला. दिवाळी गेली, नाताळही गेला. बोट काठावरच. हप्ता मात्र दर महिन्याला हजर!

परवानगी नकोच, असं आम्ही म्हणत नाही. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. तिथून श्वास कोंडून झटकन वर आलं, तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून बोट, टाक्या, शिकवणारा, सगळ्यांची तपासणी हवीच. पण कागद वेळेत मिळाला नाही की कुणी तरी कागदाविना बोट काढतं. मग जीव धोक्यात, आणि विम्याचे पैसे मिळायचीही मारामार. उशिरानं सुरक्षा वाढत नाही, घटते.

म्हणून आता आम्ही अर्ज पावसाळ्यातच देतो. सगळी कागदपत्रं एकदम जोडतो. शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठत नाही. काही कमी असेल तर ‘लेखी सांगा’ म्हणतो.

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात जाहीर केलेल्या सेवा किती दिवसांत मिळणार, कोण अधिकारी देणार, याचा फलक कचेरीत लावावा लागतो. मुदत टळली तर 30 दिवसांच्या आत अपील करता येतं. कारण नसताना उशीर केला, तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. आपली सेवा त्या यादीत नसेल, तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा: ‘आमचा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे?’ उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना फीही नाही.

तुमची पिठाची गिरणी असो की जातीचा दाखला, रीत हीच. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा. आणि पोच गटाच्या फायलीत लावा.