गाडीच्या रेडिएटरचा विजेचा पंखा : तापमान स्विचची योग्य जोडणी

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



पिकांचा विषय शिकवणारा माणूस गाडीच्या पंख्यावर बोलायला उभा राहिला, याचे काहींना नवल वाटेल. पण शेतातून निघालेला माल वेळेत बाजारात पोचला तरच वर्षाच्या कष्टाचे पैसे होतात. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडून कोल्हापूरला आंबा नेणारी गाडी भर उन्हात आंबा घाट चढते. रेडिएटरचे पाणी उकळून ती मध्येच थांबली तर पेट्या तापतात आणि सौद्याची वेळ हुकते. इंजिनाचे हेड वाकले किंवा गॅस्केट गेले तर दुरुस्तीचा भुर्दंड वेगळाच.

घाटातच पाणी का उकळते?

सपाट रस्त्यावर वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये हळू चालते. त्यामुळे वारा कमी मिळतो आणि इंजिनावर मात्र पूर्ण भार असतो. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळते. दर ३०० मीटर चढाला उत्कलनबिंदू सुमारे १ अंश सेल्सिअसने घटतो. रेडिएटरचे दाबाचे झाकण तो बराच वर नेते, पण झाकणाचे रबर खराब असेल तर हा फायदा मिळत नाही. म्हणून घाटात सारी भिस्त पंख्यावर असते.

जुन्या जीपगाड्यांचा पंखा पट्ट्यावर, इंजिनाबरोबर फिरतो. इंजिन आडवे बसवलेल्या गाड्यांत तशी सोय होत नाही, म्हणून तेथे विजेचा पंखा असतो. जुन्या गाडीलाही पुष्कळजण असा पंखा बसवून घेतात. प्रश्न असा, की तो सुरू कोणी करायचा?

काहीजण पंखा थेट किल्लीच्या वायरीला जोडतात. मग तो थंड इंजिनावरही चालतो आणि वीज व इंधन वाया जाते. काहीजण हाताने दाबायचे बटण ठेवतात, पण ऐन घाटात ते दाबायचे राहून जाते. खात्रीचा उपाय म्हणजे तापमान स्विच.

स्विच व रिले

हा स्विच रेडिएटरच्या टाकीत किंवा इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर बसवतात. पाणी ठरावीक तापले की तो आपोआप जोडला जातो आणि निवले की तुटतो. इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारणतः ८२ ते ८८ अंशांना उघडतो. इंजिनाजवळ बसवायचा स्विच त्याहून वरचा, म्हणजे ९२ ते ९५ अंशांना जोडणारा घ्यावा. तो खालचा घेतल्यास पंखा थांबणारच नाही. रेडिएटरच्या खालच्या टाकीत पाणी निवून येते, म्हणून तेथे थोडा कमी अंशांचा स्विच चालतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पंख्याला साधारणतः १० ते २० अँपिअर प्रवाह लागतो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त. हा सारा प्रवाह लहानशा स्विचमधून नेल्यास त्याचे आतले टोक जळते किंवा चिकटून बसते. विहिरीवरची मोटार आपण स्टार्टरने चालवतो. बटणातून थोडी वीज कॉइलला जाते आणि मोटारीचा भार स्टार्टरचे पॉइंट घेतात. गाडीतला रिले नेमके हेच काम करतो. त्याच्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही.

जोडणी कशी करावी?

प्रथम बॅटरीची ऋण वायर काढावी. रिलेवरील आकडे पाहून पुढीलप्रमाणे जोडावे.

१. बॅटरीच्या धन टोकापासून जाड वायर ३० क्रमांकाला आणावी. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवावा.

२. ८७ क्रमांकापासून पंख्याची धन वायर न्यावी. पंख्याची दुसरी वायर तेवढ्याच जाडीची घेऊन, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घट्ट अर्थ करावी.

३. ८६ क्रमांकाला किल्ली फिरवल्यावर वीज येणारी वायर लहान फ्यूजमधून द्यावी. थेट बॅटरीवर दिल्यास व स्विच चिकटल्यास सकाळपर्यंत बॅटरी उतरलेली असते.

४. ८५ क्रमांकापासून तापमान स्विचला वायर न्यावी. एका टोकाचा स्विच आपल्या पितळी अंगातूनच अर्थ घेतो, म्हणून त्याच्या आट्यांवर टेप फार गुंडाळू नये.

५. ८५ क्रमांकापासून आणखी एक वायर चालकाजवळच्या बटणातून अर्थला न्यावी. स्विच बिघडला तरी या बटणाने पंखा चालवता येतो.

साधारण १५ अँपिअरच्या पंख्यास तांब्याची ४ चौ. मि.मी. वायर, ३० अँपिअरचा फ्यूज आणि ४० अँपिअरचा रिले योग्य होतो. पत्र्याच्या छिद्रातून वायर नेताना रबरी बुश घालावे. वायर घासून पत्र्याला लागली आणि फ्यूज नसला तर गाडी पेट घेऊ शकते. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याची सवय येथे कटाक्षाने टाळावी.

तपासणी व काळजी

स्विच बसवण्यापूर्वी त्याचे पितळी टोक तापत्या पाण्यात धरून, थर्मामीटर व दिव्याच्या साह्याने तो किती अंशांना जोडतो ते पाहावे. पंखा चालू असताना जाळीपुढे कागद धरावा. तो रेडिएटरकडे ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला जात असेल तर वारा उलटा आहे.

पुढे कधी पंखा फिरला नाही तर किल्ली चालू ठेवून चालकाजवळचे बटण दाबावे. पंखा फिरला तर दोष तापमान स्विचमध्ये आहे. न फिरल्यास फ्यूज, रिले, अर्थ व पंखा तपासावा. हात पंख्यापासून दूर ठेवावा, कारण तो केव्हाही सुरू होतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो फिरतो. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

ज्या नव्या गाड्यांत पंखा संगणक चालवतो, तेथे वरील जोडणी करू नये. ते काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.

पंखा उत्तम असला तरी चिंबलेला रेडिएटर थंड होत नाही. मळणीच्या दिवसांत भुसकट व धूळ पातळ पत्र्यांत अडकते. इंजिन थंड असताना आतून बाहेरच्या दिशेने बेताच्या पाण्याने ती धुवावी. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे.

रिले व फ्यूज यांचा खर्च आंब्याच्या एका पेटीच्या किमतीपेक्षा कमीच असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी गाडीची ही तपासणी करून घ्यावी.