सेट म्हणजे बसवणे

अध्यक्षमहाराज, आणि आभाळ भरून आलेलं असूनही खुर्च्या न सोडलेले श्रोतेहो,

पत्रिकेत ‘इंग्रजी क्रियापदांचे अर्थवैविध्य’ असं छापलंय. तो विषय कार्यवाहांचा. माझा विषय एकच क्रियापद: सेट. (हशा) नाही हो, प्राध्यापकीची ती परीक्षा नव्हे. तिला बसलेले काही चेहरे इथे दिसताहेत, त्यांनी घाबरू नये.

ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ ते १९२८ असा तुकड्यातुकड्यांनी निघाला. त्यात सगळ्यांत लांबलचक नोंद सेटची. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत तिचे अर्थ ४३०च्या घरात. पुढे रननं ६४५ अर्थ गोळा करून तिला मागं टाकलं, ते दुःख बाजूला ठेवू. मी म्हणतो, अर्थ एकच आहे. सिट म्हणजे बसणे, त्याचं प्रयोजक सेट, म्हणजे बसवणे. उपनिषदातला ‘सद्’ हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. ‘द’चा ‘त’ कसा झाला, तो ग्रिमचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे, सोडून देतो. आपलं ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून आलेलं, म्हणजे नातं रक्ताचं नाही, पण संसार सारखा. अंगठीत खडा बसवतात, सेट. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात, सेट. गीताला चाल बसवतात, सेट. हाड बसवतात, तेही सेट.

हाडावरून आठवलं. नऊ वर्षांचा असताना मी आंब्यावरून पडलो आणि कोपर निखळलं. गावात एक म्हातारा हाडं बसवायचा. त्यानं मला मांडीशी घेतलं, तेल चोळलं आणि विचारलं, “बाळा, तुमच्या बैलाचं नाव काय?” आमच्याकडे बैल नव्हताच. वडील शाळामास्तर. ‘बैल नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यानं हात ओढला. कट्‌! आई म्हणाली, “बसलं गं बाई!” पुढे कॉलेजात ‘चौथा हेन्री’ वाचताना फॉलस्टाफ भेटला. प्रतिष्ठेला मोडका पाय बसवता येतो का, असं तो गडी विचारतो, आणि तिथं क्रियापद सेटच! वर्गात मी कोपर चोळायला लागलो. सर म्हणाले, डास आहेत का? कोशानं न शिकवलेलं त्या कोपरानं मला…

काय म्हणालात, बाई? दही? ‘सेट कर्ड’ म्हणतात, पण दही लागतं, बसत नाही? (टाळ्या) टाळ्या कसल्या वाजवता? आमच्याकडे दही ‘बसलं’ म्हणतात. (‘कुठं?’) आमच्या घरी. (हशा) बरं, मी म्हणतो. भांड्याच्या तळाशी दही जसं…

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? अजून सूर्य मावळायचा राहिलाय. इंग्रजीत तोही सेट होतो, आणि आपण त्याला मावळवतो, बुडवतो, अस्ताला पाठवतो. बसवत कधी नाही. तो मुद्दा अवघड आहे, म्हणून मी शेवटी ठेवला होता.

अध्यक्ष मनगट दाखवताहेत. साहेब, तुमचं घड्याळ पुढं आहे. जरा बरोबर बसवून घ्या.

(‘लावून घ्या!’ पहिल्या रांगेतून.)