मॉन्सिनॉर किहोते : शंका घेणारे फादर आणि त्यांचा कम्युनिस्ट मित्र

आजच्या भागात एकच पुस्तक. ग्रॅहम ग्रीनची 'मॉन्सिनॉर किहोते' ही १९८२ सालची इंग्रजी कादंबरी. आपण ज्याला डॉन क्विक्झोट म्हणतो, त्याचा स्पॅनिश उच्चार किहोते. म्हणून मीही तसंच म्हणणार आहे.

गोष्ट स्पेनमधली, फ्रँको गेल्यानंतरच्या काळातली. फ्रँको गेला १९७५ला. ला मांचा भागात एल तोबोसो नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चचे धर्मगुरू आहेत फादर किहोते. साधा, भाबडा माणूस. कादंबरीतल्या त्या जुन्या किहोतेचा मी वंशज, असं ते मानतात. आता कादंबरीतल्या पात्राला वंशज कुठून येणार? त्यांचे बिशप नेमकं हेच विचारतात आणि चिडतात.

एक दिवस रस्त्यात एका इटालियन बिशपची मर्सिडीज बंद पडते. पेट्रोल संपलंय, बाकी काही नाही. फादर त्यांना घरी नेऊन जेवू घालतात. घरात असतं घोड्याचं मांस. पाहुणे ते आवडीने खातात आणि पुढे थेट पोपकडे शब्द टाकतात. झालं, गावातले फादर एकदम 'मॉन्सिनॉर'! ही चर्चमधली मानाची पदवी. स्वतःच्या बिशपचा तर तिळपापडच होतो.

इकडे गावचा कम्युनिस्ट महापौर निवडणूक हरलाय. मग हे दोघं फादरच्या जुन्या सिआट ६०० गाडीतून निघतात. गाडीचं नाव अर्थातच रोसिनान्ते, आणि महापौर झाला सांचो. निमित्त काय, तर माद्रिदला जाऊन नव्या पदवीला शोभतील असे जांभळे मोजे घ्यायचे. डिकीत वाईन, सोबत चीज, आणि वाटेत जागा दिसली की बसून वाद.

यातला एक प्रसंग सांगतो. सांचो म्हणतो, तुमचं ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे प्रकरण मला समजावून सांगा. फादर रिकाम्या बाटल्या मांडतात. दोन मोठ्या, एक अर्धी. तिन्हींत वाईन एकच, वेगळं काढता येत नाही. सांचोला पटतं. पण थोड्या वेळाने फादरचा चेहरा उतरतो. पवित्र आत्म्याला आपण अर्धी बाटली दिली! म्हणजे तो बाकीच्या दोघांपेक्षा कमी? हे तर पाखंड. मग चूक दुरुस्त करायला अजून एक पूर्ण बाटली उघडावी लागते. मी हे बसमध्ये वाचत होतो आणि एकटाच हसत होतो.

पण पुस्तकाचा जीव आहे तो एका स्वप्नात. फादरना स्वप्न पडतं की येशू क्रूसावर मेलाच नाही. देवदूत आले, तो विजयी होऊन खाली उतरला, रोमन सैनिकांनी गुडघे टेकले, आई आनंदाने रडतेय. सगळ्या जगाला पुराव्यानिशी कळलं की हा देवाचा मुलगा. आता शंकेला जागाच नाही. धर्मगुरूला आनंद व्हायला हवा ना? ते थंडगार पडून जागे होतात. सगळं ठाऊकच असेल तर विश्वास ठेवायचा कशावर? त्यांना वाळवंटात उभं राहिल्यासारखं वाटतं. ते प्रार्थना करतात, देवा, असल्या खात्रीपासून मला वाचव. शेजारी सांचो कूस बदलतो, तेव्हा त्याच्यासाठीही तेच मागतात.

मी हे पान तीनदा वाचलं. आमच्या धंद्यात सगळ्या टेस्ट पहिल्या फटक्यात हिरव्या आल्या की मला आधी भीतीच वाटते, पण ते जाऊ द्या. मला आठवले बाबा. आमच्याकडे आजोबांपासून माळ आहे. मी घातली नाही. देवाचा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि मी मोबाईल उचलतो, असं तीन-चार वर्षं चाललंय. हे पुस्तक संपल्यावर मी फोन करून सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी शंका येते का हो?" बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "वारीत चालताना नाही येत. घरी आल्यावर येते." आणि लगेच, "जेवलास का?"

इतक्या वर्षांत या विषयावर आमच्यात झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

ग्रीन स्वतः १९२६ साली कॅथलिक झाला होता आणि लेओपोल्दो दुरान नावाच्या धर्मगुरूबरोबर स्पेनमध्ये गाडीने भटकायचा. त्या भटकंतीतूनच हे पुस्तक आलं. वाटेत सालामांका लागतं, तिथे मिगेल दे उनामुनोची आठवण निघते. श्रद्धा आणि शंका एकाच खोलीत नांदवणारा हा लेखक. त्याची 'सान मानुएल बुएनो' वाचा, तिथला धर्मगुरू गावापासून आपला अविश्वास लपवतो. ती अजिबात विनोदी नाही, हे आधीच सांगतो.

उत्तरार्धात, गालिसियातल्या मिरवणुकीत मूर्तीला नोटा चिकटवलेल्या दिसल्यावर, या भाबड्या माणसाला खरा राग येतो. त्यापुढचं मी सांगणार नाही. एवढंच, की शेवटच्या पानांवर शंका फादरला नाही, सांचोला पडलेली असते. कट्टर कम्युनिस्टाला! १९८५ला यावर टीव्ही फिल्मही झाली, अॅलेक गिनेस फादर आणि लिओ मॅककर्न सांचो. पण आधी पुस्तक वाचा, बाटल्यांचा प्रसंग कागदावरच भारी आहे.