वेणीचा स्वेटर : लोकरीची निवड आणि टाक्यांचा हिशेब

ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यांत पहाटे पारा सोळा-सतरा अंशांवर उतरला कीं थंडी पडली असें लोक म्हणतात, आणि त्याच दिवशीं दुपारीं पंखा लावतात. अशा ठिकाणीं पिळाच्या वेण्या असलेला जाड स्वेटर कोणी विणावयास घेतला, तर तो बहुधा येथें वापरण्यासाठीं नसतो. मुलगा दिल्लीस किंवा समुद्रापलीकडे नोकरीस असतो आणि आई किंवा आजी येथें बसून विणीत असते. ज्याच्या अंगावर तो चढावयाचा तो समोर नसल्यानें मध्येंच अंगास लावून पाहण्याची सोय नाहीं. दोन-तीन महिन्यांचें काम आणि महाग लोकर एवढ्यानेंच फुकट जाऊं शकते. म्हणून लोकर कोणती आणि टाके किती, या दोन गोष्टींचा विचार सुया हातीं घेण्यापूर्वींच झाला पाहिजे.

ठाण्यास लोकरीचें नांव नवें नाहीं. रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५ मध्यें येथेंच उभी राहिली. १९४४ मध्यें ती सिंघानिया घराण्याकडे गेली. आज ती गिरणी बंद आहे व त्या जागेवर उंच निवासी इमारती होत आहेत. कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. परंतु या दोहोंचा विणणारणीस फारसा उपयोग नाहीं. गिरणीचें सूत मागाकरितां असतें, आणि रेयॉन ओलें झालें कीं दुर्बळ होतें व स्वतःच्या भारानें लोंबतें. देशावरच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीस उत्तम, पण स्वेटरांत ती अंगास टोचते. हातविणकामाची लोकर दुकानांत येते ती पुष्कळशी लुधियानाकडून, आणि सगळे तिला लोकर म्हणत असले तरी तींत बरीचशी ॲक्रिलिकच्या धाग्याची असते. वेष्टनावर काय लिहिलें आहे तें वाचल्यावांचून घेऊं नये.

ॲक्रिलिक अगदींच टाकाऊ मात्र नव्हे. त्यास कसर लागत नाहीं, आणि दमट हवेंत पावसाळाभर पेटींत कपडे ठेवणाऱ्या घरांस हा गुण लहान वाटणार नाहीं. पण त्यावर गरम इस्त्री फिरली कीं वेणीचा उठाव कायमचा बसतो. अस्सल लोकर अधिक ऊबदार असते. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा शोषूनही ती ओली लागत नाहीं. तिचा शत्रू म्हणजे गरम पाणी आणि घुसळण. परदेशीं एकटा राहणारा मुलगा सगळे कपडे एकदमच यंत्रांत टाकतो, आणि साधी लोकर असेल तर मोठ्या माणसाचा स्वेटर आटून लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो. त्याच्यासाठीं यंत्रांत धुतां येईल अशी संस्कार केलेली लोकर घ्यावी, नाहीं तर मिश्र धागा घ्यावा. सुताचा धागा वेणीस जड पडतो व खालीं ओढतो. ठाण्यांतच वापरावयाचें असेल तर बारीक सुती-ॲक्रिलिक मिश्रणाचें बिनबाह्यांचें जाकीट पुरे.

धागा गोल, गुळगुळीत व घट्ट पिळाचा असावा. केसाळ लोकरींत वेणी बुडून जाते आणि काळ्या किंवा गर्द निळ्या रंगांत ती दिसतच नाहीं. वेणीस साध्या विणीपेक्षां सुमारें पांचवा हिस्सा लोकर अधिक लागते. ती सर्व एकाच वेळीं, एकाच रंगघाण्याची घ्यावी. मागाहून आणलेली लड रंगांत किंचित् वेगळी निघते आणि तो फरक नेमका छातीवर दिसतो.

आतां टाके. वेणी म्हणजे टाक्यांची अदलाबदल. सहा टाक्यांच्या वेणींत पहिले तीन टाके तिसऱ्या लहान सुईवर घेऊन पुढें धरावयाचे, नंतरचे तीन सुलट विणावयाचे आणि मग राखलेले तीन विणावयाचे. पीळ डावीकडे वळतो. राखलेले टाके मागें धरले तर तो उजवीकडे वळतो. दोन्ही बाजूंस दोन-दोन उलट टाके असले म्हणजे वेणी उठून दिसते. (रोज गाडीनें जाणाऱ्या बायकांनीं साध्या ओळी गाडींत विणाव्या, पिळाची ओळ घरीं; गर्दींत ती तिसरी सुई पडली कीं सांपडत नाहीं.)

टाके असे एकमेकांवर चढल्यानें कापड आंत ओढलें जातें. साध्या स्वेटराच्या नमुन्यांत नुसत्या वेण्या घातल्या कीं घोटाळा होतो तो येथेंच. समजा, छाती ३८ इंच आहे. वेणीचें कापड जाड, म्हणून ४ इंच सैल धरून स्वेटर ४२ इंचांचा, म्हणजे पाठ २१ इंचांची. साध्या विणीचे ४ इंचांत २२ टाके बसत असतील तर पाठीस ११६ टाके येतात. पण वेणी व तिच्या कडेचे उलट टाके मिळून होणारे १० टाके, जे साध्या विणींत १.८ इंच भरले असते, ते दीड इंचच भरतात. चार वेण्यांत सव्वा इंच गेला आणि पाठ-पोट मिळून अडीच इंच. चार इंचांच्या सैलपणांतला दीडच उरला. म्हणून प्रत्येक वेणीमागें दोन टाके वाढवून १२४ घ्यावे. ते खालच्या पट्टीच्या शेवटच्या ओळींत, वेणी यावयाची तेथेंच वाढवावे, म्हणजे पट्टी फुगत नाहीं. खांद्यावर टाके बंद करतांना वेणींतले दोन-दोन एकत्र घ्यावे, नाहीं तर खांदा पसरतो.

वरील आंकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकीचा हात निराळा. कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. म्हणून त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, वेणीसकट वीतभर तुकडा आधीं विणावा, तो धुवून सावलींत सपाट वाळवावा आणि मगच मोजावा. न धुतां मोजलेल्या तुकड्यावर विश्वास ठेवणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि उसवणाऱ्याही तितक्याच.

रुंदी कमी-अधिक करावयाची ती दोन्ही काखांकडच्या साध्या टाक्यांत. वेण्यांस हात लावूं नये. लांबी बदलतांना पीळ आठ ओळींनीं येत असेल तर आठाच्याच पटींत ओळी वाढवाव्या. गळा त्रिकोणी असेल तर मधली वेणी सम टाक्यांची ठेवावी, म्हणजे ती दुभंगून दोन्ही कडांनीं वर जाते.

आयर्लंडच्या पश्चिमेस अरान बेटें आहेत. या स्वेटराचें नांव तेथूनच जगभर गेलें. बुडालेला कोळी त्याच्या कुळाच्या विणीवरून ओळखीत, ही हकीकत मोठ्या भक्तीनें सांगतात, पण तिला आधार नाहीं. ही वीणसुद्धां तेथें विसाव्या शतकांतच रूढ झाली. तेव्हां वेण्या किती व कोठें, याविषयीं परंपरेचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. छातीवर चार आणि बाह्यांवर एकेक पुरे.

मुलाचें माप फोनवरून मागवावें तें छातीचें नव्हे, तर त्यास नीट बसणाऱ्या एखाद्या स्वेटराचें : सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खालपर्यंत, आणि बाहीची लांबी. पार्सलांत धुण्याविषयींची चिठ्ठी घालावी, आणि तीच माहिती फितीवर लिहून ती फीत गळ्याच्या आंत टांचावी, कारण चिठ्ठी पहिल्याच आठवड्यांत हरवते.