पेनड्राइव्हची पारख



रुपया चांदीचा होता त्या काळीं तो दगडावर वाजवून घेण्याची वहिवाट होती. पेनड्राइव्ह तसा वाजवून घेतां येत नाहीं, आणि लबाडांचें फावतें तें येथेंच. वेष्टनावर ६४ गिगाबाइट लिहिलेलें असतें. जोडून पाहिला तर संगणकही ६४ च सांगतो. मग ग्राहकानें संशय घ्यावा तरी कशाचा ?

याचें उत्तर त्या बोटाएवढ्या वस्तूच्या आंत डोकावल्याशिवाय मिळावयाचें नाहीं. आंत मुख्यतः दोन भाग असतात. एक स्मृतीची चिप. तोशिबा कंपनींत असतांना फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधिलेल्या तत्त्वावर ती चालते : वीज न वाहणाऱ्या आवरणाआड विद्युत्कण कोंडून ठेवावयाचे, म्हणजे वीज तोडली तरी नोंद राहते. दुसरा भाग नियंत्रकाचा. त्याचें काम कोठीवरील कारकुनासारखें. संगणक स्वतः कोठी पाहावयास कधीं जात नाहीं. कारकून सांगेल तेवढी कोठी मोठी. खोटा माल बनविणारा ८ गिगाबाइटची चिप बसवितो आणि कारकुनाला ६४ म्हणावयास पढवितो.

पहिलीं ८ गिगाबाइट भरेपर्यंत सारें सुरळीत चालतें. पुढें येणारा माल हा कारकून एक तर फेंकून देतो, किंवा जुना काढून त्याच्या जागीं ठेवतो. पावती मात्र दर वेळीं देतो. फाइलींच्या नांवांची यादी बहुधा स्मृतीच्या आरंभींच असल्यामुळें नांवें आणि आकार बिनचूक दिसतात. उघडूं गेलें कीं आंत कांहीं नाहीं. लग्नाचीं छायाचित्रें, आजोबांचा आवाज असें सर्व पेनड्राइव्हवर उतरवून, मोबाइलमध्यें जागा व्हावी म्हणून मूळ प्रती पुसून टाकणारीं घरें थोडीं नाहींत. हें ठेवणें मग त्या पेनड्राइव्हमधून कोणीही तज्ज्ञ परत काढूं शकत नाहीं. जें लिहिलेंच गेलें नाहीं, तें त्यानें शोधावें कोठें ?

तेव्हां खात्रीची कसोटी हीच, कीं नवा पेनड्राइव्ह रिकामा असतांनाच कांठोकांठ भरावा आणि भरलेलें सर्व परत वाचून ताडून पाहावें. हें काम करणारे विनामूल्य प्रोग्राम आहेत. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’, लिनक्सवर ‘एफ-थ्री’. लिहून झाल्यावर पेनड्राइव्ह काढून पुन्हां जोडावा, नाहीं तर संगणक आपल्याच स्मृतींतून उत्तर देण्याचा संभव असतो. सेकंदास १० मेगाबाइट या गतीनें ६४ गिगाबाइट लिहावयास पावणेदोन तास लागतात. वेळ पुष्कळ खरा, पण विक्रेता माल परत घेण्यास बांधलेला आहे तोंवरच तो खर्च करावा. विंडोज ६४ ऐवजीं ५९.६ दाखवितें, यावरून मात्र कोणीं दुकानदाराशीं भांडूं नये. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, विंडोज १०२४ च्या. आणि दोन टेराबाइट चारशें रुपयांस कोणी देऊं केले, तर कसोटीचे श्रमही घेऊं नयेत.

अशा मालाची दुरुस्ती म्हणजे त्याला खरें बोलावयास लावणें, एवढीच. ‘एफ-थ्री’ मधील साधनानें खऱ्या क्षमतेइतकाच विभाग पाडतां येतो. मग ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह म्हणून तो बहुधा चालतो. परंतु कारकुनाची पढवणूक आंत तशीच राहते, म्हणून त्याच्या पाठीवर खरा आंकडा शाईनें लिहून ठेवावा.

आतां खोटा नव्हे, पण आजारी पेनड्राइव्ह. तो मुळींच दिसेना, तर प्रथम दुसरें छिद्र, नंतर दुसरा संगणक वापरून पाहावा. पुष्कळदां दोष तेथेंच सांपडतो. संगणक ‘फॉरमॅट करूं काय ?’ असें विचारूं लागला आणि आंतील ऐवज हवा असला, तर होकार देऊं नये. आधीं संपूर्ण पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रत उतरवून, सोडवणुकीचा प्रयत्न त्या प्रतीवर करावा. कधीं वाचतां येतें पण लिहितां येत नाहीं. बाजूला लेखन रोखणारी कळ असेल तर ती पाहावी. कळ नसेल, तर स्मृति झिजल्यामुळें नियंत्रकानेंच लेखन थांबविलें असण्याचा संभव मोठा. अशा वेळीं आंत आहे तें सर्व त्याच दिवशीं दुसरीकडे उतरवून घ्यावें.