गव्हाणीतला गुन्हेगार

(१९९६च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. मी तो हात जोडून परत केला. बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर सुट्टीच्या दिवशीही त्यावरच बोलायचं, म्हणजे हलवायाच्या पानात जिलेबी वाढण्यासारखं आहे. मला आज गुरांच्या डॉक्टरांबद्दल बोलायचंय. मागच्या रांगेतून हसू आलं ते ऐकलं मी. थांबा जरा.

माझ्या नोकरीचं निम्मं काम म्हणजे चालू असलेला प्रोग्राम अचानक का बसला, हे शोधणं. पण आमचा प्रोग्राम निदान नोंदी तरी ठेवतो. कितव्या मिनिटाला काय झालं, ते लिहून ठेवतो. गाय काही लिहून ठेवत नाही, बोलत तर नाहीच. तिचा मालक बोलतो, पण त्यातलं निम्मं बोलणं शेजाऱ्यावरच्या रागातून आलेलं असतं. अशा साक्षीदारांवर गुन्हा उघडकीला आणायचा, आणि तोही मेलेल्या जनावराला वास सुटायच्या आत.

या विषयाकडे मी आले ती आईमुळे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की आईच्या हृदयाची झडप बदलावी लागली. लहानपणी झालेला सांधेताप, पुढे झडप खराब, नेहमीची गोष्ट. आता धातूची झडप आहे, आणि तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. दर महिन्याला ‘आयएनआर’ची तपासणी. आकडा कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर आतल्या आत रक्तस्राव होण्याची. डॉक्टरांनी सांगितलं, पालेभाजी बंद करू नका, पण आठवडाभर साधारण सारख्याच प्रमाणात खा. एकदम चार दिवस पालकच पालक, असं नको. आईनं दवाखान्याच्या पायरीवरच मला विचारलं, “भाजीचा आणि रक्ताचा काय गं संबंध?” इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत याचं उत्तर कुठं आलं नव्हतं. शोधत गेले, तर वाट निघाली शंभर वर्षांपूर्वीच्या कॅनडातल्या गोठ्यात.

१९२०च्या दशकाची सुरुवात. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी भागात धष्टपुष्ट गुरं मरायला लागली. शिंगं कापली, खच्ची केलं, की रक्त थांबायचंच नाही. साध्या कामात सगळं जनावर रिकामं व्हायचं. काही तर जखम नसतानाच मरायची. कातडीखाली रक्ताची गाठोडी साठलेली सापडायची. पहिला संशय आपल्या इथं आला असता तोच तिथंही आला: फऱ्या असेल, नाहीतर घटसर्प. पण तपासलं तर जंतू सापडत नव्हते.

हे कोडं हातात घेतलं फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्यानं. आँटारिओ व्हेटर्नरी कॉलेजात तो शिकवत होता. पोलिओमुळे काठी टेकत चालणारा माणूस. त्याआधी तो कोरियात होता आणि १९१९मध्ये तिथल्या लोकांनी जपानी राजवटीविरुद्ध आंदोलन केलं, तेव्हा दडपशाहीचे फोटो काढून त्यानं ते बाहेरच्या जगाला दाखवले होते. आज त्याची समाधी सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. (त्याच्या आयुष्यावर एक वेगळं भाषण होईल, पण जेवणाची घंटा माझ्या मानेवर आहे.) पुरावा कशाला म्हणतात हे या माणसाला आधीपासून माहीत होतं, एवढंच सांगते.

स्कोफिल्डनं शेतकऱ्यांना विचारलं, जनावरं खातात काय? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच: स्वीट क्लोव्हरचा वाळवलेला चारा. हे झाड आपल्या मेथीच्या जवळच्या नात्यातलं. हलक्या जमिनीतही येतं, म्हणून लोकांनी ते हौसेनं लावलं होतं आणि वर्षानुवर्षं गुरं ते खात होती. मग आताच काय झालं? पाऊस झाला. चारा नीट वाळला नाही, गंजीत बुरशी आली. आणि बुरसटलेला चारा फेकून नवा घ्यायला पैसे कुणाकडे होते?

यापुढचा त्याचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा करता आला असता. एकाच गंजीतून त्यानं चांगल्या काड्या वेगळ्या केल्या आणि खराब काड्या वेगळ्या. एका सशाला चांगल्या काड्या घातल्या, दुसऱ्याला खराब. पहिला ससा ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावानं मेला. दुसरा चारा आणून पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. गंज तीच, झाड तेच, फरक फक्त बुरशीचा. म्हणजे गुन्हेगार क्लोव्हर नव्हे, सडलेला क्लोव्हर. चारा बंद करा आणि आजारी जनावराला निरोगी जनावराचं ताजं रक्त द्या, हा उपाय त्यातूनच आला.

हे आधी कुणाच्या लक्षात का आलं नाही, तर हे विष लगेच मारत नाही. रक्त गोठवणारे जे घटक शरीरात आधीच तयार असतात ते संपेपर्यंत जनावर हिंडतं-फिरतं. गुन्हा आज आणि प्रेत कितीतरी दिवसांनी. तोवर गव्हाणीत दुसराच चारा आलेला असू शकतो. आमच्या क्षेत्रात अशी उशिरा उगवणारी बिघाडाची प्रकरणं सगळ्यात छळतात.

पुढं नॉर्थ डकोटातल्या ली रॉडरिक या दुसऱ्या पशुवैद्यानं, १९३१च्या सुमारास, दाखवून दिलं की या जनावरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा गोठवणारा घटक कमी पडतो. इथवरचं सगळं काम पशुवैद्यांचं आहे. पण ही गोष्ट जिथं जिथं सांगितली जाते तिथं ती बहुधा यापुढच्या प्रसंगापासूनच सुरू होते, आणि स्कोफिल्ड-रॉडरिक एका ओळीत उरकतात. मला याचा राग येतो.

तो पुढचा प्रसंग मात्र खरंच सिनेमात शोभेल असा आहे. फेब्रुवारी १९३३, विस्कॉन्सिन राज्य. बर्फाचं वादळ. एक शेतकरी जवळजवळ तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन शहरात आला. गाडीत मेलेली कालवड, पन्नासेक किलो बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त, जे गोठायला तयार नव्हतं. त्याला सरकारी पशुवैद्याला भेटायचं होतं, पण शनिवार, कचेरीला कुलूप. फिरत फिरत तो विद्यापीठातल्या कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात पोचला. लिंकनं त्याला सांगितलं ते जुनंच: चारा बंद कर, जमलं तर रक्त दे. अशा उत्तरावर तो माणूस तेवढाच रस्ता बर्फातून परत गेला असेल, ते माझ्या मनातून जात नाही. पण कॅनमधलं रक्त मागं राहिलं आणि लिंकची माणसं कामाला लागली.

सहा वर्षं गेली. १९३९मध्ये ते द्रव्य स्फटिकरूपात हाती आलं. ताज्या कापलेल्या गवताला जो गोड वास येतो तो कूमरिनचा. क्लोव्हरमध्ये ते भरपूर असतं आणि ते स्वतः रक्ताला काही करत नाही. बुरशी त्यातून डायकूमरॉल बनवते, तो खरा मारेकरी. त्याच्यावर उतारा म्हणजे ‘के’ जीवनसत्त्व, जे पालेभाज्यांत भरपूर असतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर हे. गोळी ‘के’ जीवनसत्त्वाचा मार्ग अडवते, भाजी ते पुन्हा पुरवते. दोघींचा तोल सांभाळायचा म्हणून रोज सारखं जेवायचं.

याच कुटुंबातलं वॉरफरिन १९४८मध्ये आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून. नावातली पहिली अक्षरं लिंकच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेची आहेत. विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांनी औषध दिलं, आपण आज शाळेला वॉटर कूलर देतोय. असो, सुरुवात आहे. १९५४मध्ये ते माणसांना द्यायला परवानगी मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांना, आयसेनहॉवरना, ते दिलं गेलं. आई घेते ती गोळी असिनोकूमरॉल, वॉरफरिनची चुलत बहीण. हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मी उंदराचं औषध खाते?” आणि मग थोड्या वेळानं, “त्या शेतकऱ्याच्या बाकीच्या गायी वाचल्या का गं?”

आता आपल्या गावाकडं येते. आपल्याच वर्गातला एक जण आज तालुक्याला पशुवैद्यकीय अधिकारी आहे. नाव घेतलं तर चिडेल, पण ‘ब’ तुकडीतल्या मुलांनी माना वळवल्याच आहेत. मागच्या पावसाळ्यात आईच्या तपासणीसाठी आले होते, तेव्हा त्याच्याबरोबर एका वस्तीवर गेले. पावसानं ओढ दिलेली. एका शेतकऱ्याच्या दोन गायी आणि एक कालवड सकाळी चरायला गेली आणि तासाभरात आडवी झाली. चौथी गाय थरथरत उभी. बांधावरून भावाशी वाद, कोर्टात तारीख चालू. भावानं विष घातलं, हे सगळ्या वस्तीनं ठरवून टाकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दोन्हीकडची पोरं काठ्या घेऊन उभी होती आणि पोलिसांना फोन झाला होता.

हा कुणाशी एक शब्द बोलला नाही. आधी जिवंत गायीकडं गेला, शिरेतून एकामागून एक दोन इंजेक्शनं दिली. “मेलेल्यांचं नंतर,” म्हणाला. मग मेलेल्या जनावराच्या कानाचं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं, सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. फाशी असेल तर जनावर चिरायचंच नसतं, रोग सगळीकडं पसरतो. ती नाही अशी खात्री झाल्यावर पोट उघडलं. रक्त लालभडक, आणि पोटात न चावल्यासारखी हिरवी पानं. कोवळी ज्वारी.

मालक म्हणाला, माझ्या रानात ज्वारीच नाही. खरंच नव्हती. ज्वारी भावाच्या रानात होती. पाण्यावाचून खुरटलेली, गुडघ्याएवढी. अशा तहानलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य भरपूर असतं. पीक फुलोऱ्यात आल्यावर ते उतरतं, म्हणून कडबा खाऊन गुरं मरत नाहीत. आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं, फक्त सायनाइड हे नाव ठाऊक नव्हतं.

पण नुसतं सांगून कोण ऐकणार? त्यानं दोन बाटल्या काढल्या. एकीत त्या ज्वारीची चिरलेली पानं, दुसरीत बांधावरचं गवत. दोन्हींच्या बुचाला पिक्रेटमध्ये भिजवलेली पिवळ्या कागदाची पट्टी अडकवली आणि बाटल्या दोन्ही घरांतल्या एकेका म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. मुठीत धरा, ऊब लागू द्या. सगळी वस्ती बघत उभी. गवताची पट्टी पिवळीच राहिली. ज्वारीची आधी नारिंगी झाली, मग विटेसारखी लाल. तेव्हा मला सशांची जोडी आठवली, आणि सायन्सच्या बाईंच्या दोन परीक्षानळ्या. बाई इथं बसल्यात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

गुरं त्या रानात शिरली कशी, हे एकालाच माहीत होतं. राखायला गेलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा गोठ्याच्या कोपऱ्यात पांढराफटक पडून उभा होता. आमच्या मित्रानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाला, “भुकेलं जनावर बांध मानत नाही.” अहवालात लिहिलं: कोवळ्या ज्वारीची विषबाधा. पोराचा उल्लेख नाही. परतताना मी त्याला विचारलं, पोराचं का नाही लिहिलंस? तो म्हणाला, “जनावर कशानं मेलं एवढंच मला विचारलं होतं.” चौथी गाय दुपारपर्यंत रवंथ करायला लागली. बांधाचा दावा अजून कोर्टात आहे.

त्याला मी आज दोन शब्द बोलायला सांगणार होते, पण खुर्ची रिकामी दिसतेय. मघाशीच फोन कानाला लावून बाहेर गेला. कुणाचीतरी म्हैस अडली आहे म्हणे. जेवायला तो यायच्या आत श्रीखंड संपवू नका.